शेवंतीच्या बांधावरचं घर

१

दिवे लागल्यावर फूल तोडायचं नाही, असा नेम तुमच्या घरी आहे का? मखमलाबादच्या मळ्यात, मनीषाच्या सासरी तो आहे. चार पिढ्या शेवंती आणि झेंडू पिकवणारं हे घर. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी मनीषाची सासू भागुबाई त्याला ‘सकाळी ये बाबा’ म्हणून वाटेला लावते. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, “झाड निजायला लागतं. तुला कुणी झोपंत कापलं तर चालंल का?” एवढंच त्याचं शास्त्र. लग्न होऊन आली तेव्हा मनीषाला याची गंमत वाटायची. पंचवीस वर्षांत ते हातात उतरलं. उन्हं गेली की तिचा हात फुलाकडे जातच नसे.

आणि हात म्हणाल तर, गेल्या आषाढापासून तिला एकच उरला होता.

एका सकाळी फुलांचा क्रेट उचलताना तिची डावी बाजू गेली. नवरा ज्ञानेश टेम्पोतच होता, म्हणून दवाखान्यात वेळेत पोचली. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, अडखळणारं बोलणंही हळूहळू सुटं झालं. डावा हात मात्र पदराखाली लोंबत राहिला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात विळ्याचा जुना व्रण होता, चंद्रकोरीसारखा, नवी नवरी असताना लागलेला. तो दिसला की मनीषाला पटायचं, हा हात आपलाच. एरवी तो कुणीतरी आपल्या मांडीवर विसरून गेल्यासारखा वाटे.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “अंगठा आणि बोटाची चिमूट दसऱ्यापर्यंत जमली तर जमली. पुढे कठीण होत जातं.”

दसऱ्याचं नाव त्यांनी सहज घेतलं. मनीषाच्या मनात मात्र ते रुतून बसलं. दसऱ्याच्या सकाळी घरच्या देवीला शेवंतीची पहिली वेणी सुनेच्या हातची लागते. डाव्या चिमटीत फुलं धरायची, उजव्या हाताने केळीच्या सोपटाचा, खोडाच्या भिजवलेल्या पट्टीचा, वेढा घ्यायचा आणि ओढायचं. एक वेढा, एक ओढ, ही भागुबाईची पद्धत. एका हाताने वेणी होत नाही.

“नाय जमलं तर मी करीन,” भागुबाई म्हणाली. “देवी काय परकी हाय?”

त्यात टोमणा नव्हता, मायाच होती. तीच मनीषाला जड गेली.

२

गणपतीनंतरच्या रविवारी तिची लेक तेजस्विनी एक काळा डबा घेऊन आली. ती अंबडच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला आहे. तिथल्या मैत्रिणीने तो गेमचा डबा महिनाभर वापरायला दिला होता. तेजस्विनीने तो टीव्हीला जोडला आणि आईच्या दोन्ही हातांत कंट्रोलर बसवला. डावा हात घसरू नये म्हणून वरून ओढणी गुंडाळली.

“डाव्या अंगठ्याने चालायचं आई, उजव्याने कापायचं.”

“कुणाला?”

“समोर येईल त्याला. जपानी भुतं आहेत.”

“रिकाम्या माणसाच्या मागं भुतं लागत्यात,” सोफ्यावरून भागुबाई म्हणाली. “हिला तर तू उसनी आणून लावली.”

“आजी, तू खेळतेस का?”

“मला माझी पुरेत.”

पांढऱ्या केसांची, निळ्या झग्यातली एक बाई तलवार घेऊन गावागावांतून जाते आणि वाटेत येईल ते कापत सुटते, असा तो खेळ होता. मनीषाने तिचं जपानी नाव कधी लक्षात ठेवलं नाही. तिला ती ‘आपली बाई’ म्हणे. दुपारी जेवणं उरकून सगळे मळ्यात गेले की ती हॉलमध्ये खुर्ची ओढून बसे. डाव्या अंगठ्यात जीव नव्हता, म्हणून ती खांद्यापासून हात ढकले. आपली बाई भिंतीला धडकत धडकत चाले. आठ दिवसांनी ती जरा सरळ चालू लागली.

मॅडमनी रोज बोलायला आणि लिहायला सांगितलं होतं. तेजस्विनीने एक वही आणली. पानाच्या एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष. मनीषाला दहावीला मराठीत सत्त्याहत्तर मार्क होते, तिने हे काम मनावर घेतलं. तिने लिहिलं, गुण: तलवार निघताना होणारा आवाज नव्या विळ्याला धार लावल्यासारखा गोड आहे. पाऊस पडतो तेव्हा पन्हळीचं पाणी वेगळं आणि झाडाचं वेगळं वाजतं. ज्याने हे केलं त्याने पाऊस नीट ऐकलेला आहे. दोष: भुतं चारच तऱ्हेची आहेत, रंग बदलून तीच येतात. गावंही एकाच साच्यातली. माणसं काय पिकवतात, काय खातात, काही दाखवलेलं नाही. नुसतं कापायचं. आणि कॅमेरा सारखा भिंतीत अडकतो, बाई कुठे बघते आहे ते दिसतच नाही.

सगळ्यात मोठा गुण तिने खाली वेगळा लिहिला होता. वार लागला की कंट्रोलर थरथरतो. ती थरथर एका दुपारी तिला डाव्या तळव्यात कळली. मुंगी चालावी एवढीच, पण कळली. अडीच महिन्यांत त्या हाताला काही कळण्याची ती पहिली वेळ. ती उठली, टीव्हीपुढे गेली आणि उजवा हात कपाळाला लावून तिने नमस्कार केला. कुणी बघत नव्हतं.

३

घटस्थापनेच्या दिवशी ती सहाव्या गावाशी पोचली.

तिथे कायम संध्याकाळच असते. वेशीबाहेर मोठं शेत, आणि शेतात पांढरी शेवंती. मनीषा बघतच राहिली. जपानात शेवंती होते हे तिला ठाऊक नव्हतं. शेत ओलांडल्याशिवाय गावात जाता येत नव्हतं. पडद्यावर खूण आली, बटण दाबा, कापत जा. प्रत्येक तुटलेल्या फुलाचे गुण मिळणार होते.

उजवा अंगठा बटणावर होता. तो दाबला जाईना.

“दिवे लागलेत,” ती मोठ्यानेच म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. मग तिने कुठल्याही मळेवाल्या बाईने केलं असतं ते केलं. तिने बांध शोधला. शेत आहे तर बांध असणारच. डाव्या अंगठ्याने, तसूतसू, ती शेताच्या कडेकडेने चालत राहिली. बरंच चालल्यावर फुलांच्या मागे गवताची उंच पट्टी दिसली. आपली बाई तिच्यावर चढली.

बांधाच्या टोकाला एक लहानसं घर होतं. कागदाच्या सरकत्या दाराचं. दार अर्धं उघडं होतं. आत दिवा होता, आणि दाराकडे पाठ करून एक बाई चटईवर बसली होती. तिच्या कोपरांची हालचाल दिसत होती. ती कुठल्या कामाची आहे हे ओळखायला मनीषाला एक क्षणही लागला नाही.

ती फुलं बांधत होती.

कॅमेरा तिच्या पाठीमागच्या खांबात अडकला तो अडकलाच. तोंड दिसेना. मनीषा तशीच उभी राहिली, म्हणजे तिची बाई उभी राहिली. समोर कुणी शत्रू नव्हता, वार नव्हता. तरी तळव्यातला कंट्रोलर हलकेच थरथरला. दोनदा बारीक, मग एकदा लांब. दोनदा बारीक, मग एकदा लांब.

वेढा, वेढा, ओढ.

आपल्या पद्धतीपेक्षा एक वेढा जास्त आहे, एवढंच तिच्या मनात आलं. भीती वाटली ती नंतर, भांडी घासताना.

४

“सहाव्या गावात बांध नाहीये आई,” तेजस्विनी म्हणाली. “मी दोनदा खेळले आहे. सगळे शेतातूनच जातात.”

“तुम्ही शोधला नसेल.”

“कडेला भिंत आहे. न दिसणारी. पुढे जाताच येत नाही.”

तिने कंट्रोलर घेतला आणि स्वतः कडेने चालवत नेलं. बाई एका जागी पाय आपटत राहिली. मनीषाने हात पुढे केला, डाव्या अंगठ्याने तीच वाट धरली, तसा पडदा काळा पडला. कोपऱ्यात लोड होत असल्याचं चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

“हँग झाला. याच्यात खूप गडबडी आहेत. नवीन अपडेट यायचंय, त्यात सगळं दुरुस्त करणार आहेत म्हणे. कॅमेरासुद्धा.”

“कॅमेरा म्हणजे?”

“आता भिंतीत अडकतो ना, तो नाही अडकणार. गोल फिरवता येईल.”

रात्री वहीत मनीषाने दोषांमधलं कॅमेऱ्याचं वाक्य खोडलं, आणि थोडा वेळ पेन हातात धरून तेच वाक्य गुणांच्या बाजूला लिहिलं. असं का केलं हे तिला सांगता आलं नसतं.

५

लेक घरात असली की बांधावरचं ते घर पडद्यावर नसे. मनीषा एकटी असली की असे. ती रोज दुपारी तिथे जाऊ लागली.

तिच्या मनाने कारणं शोधून पाहिली. आजारात मेंदूला मार बसलेला, काही भास होत असतील. थरथरीचं म्हणाल तर देवळाली कॅम्पाकडे तोफांचा सराव चालतो, वारा त्या बाजूचा असला की घराच्या काचा हलतात. पण काचा हलतात तेव्हा शोकेसमधल्या कपबशा आधी वाजतात. कपबशा गप्प होत्या. एकदा तर डबा बंद होता, कंट्रोलर टेबलावर उपडा ठेवलेला, आणि ती भाजी निवडत होती. टेबलाची काच बारीक वाजू लागली. वेढा, वेढा, ओढ. तिने भाजी निवडायची थांबवली, तशी काचही वाजायची थांबली.

शेवंतीचा कडवट वास हॉलमध्ये येऊ लागला. घरात शेवंती नव्हती असं नाही, पण ती मागच्या शेडमध्ये असायची. भागुबाईने नाक वर करून विचारलं, “फुलं आत आणली का गं?”

“नाही आत्याबाई.”

“मग कोण घेऊन बसलंय?”

मनीषा पोळ्या लाटत राहिली. एका हाताने लाटलेल्या पोळ्या, नकाशासारख्या.

गुणाला गुण म्हटलं पाहिजे. अंगठा खरंच हलू लागला होता. बांधावरची ती लांब, हळू चाल दुसऱ्या कुठल्या व्यायामात नव्हती. मॅडम खूश होत्या. मनीषा तर रोज त्या पाठमोऱ्या बाईचे मनातल्या मनात आभार मानूनच टीव्ही बंद करी. चिमूट मात्र जमत नव्हती. बोटांत फूल धरलं की ते गळून पडे.

अष्टमीच्या दुपारी तिच्या लक्षात आलं की चटईवरची बाई थोडी सरकली आहे. आधी ती मधोमध बसायची. आता डावीकडे होती, आणि उजवीकडे एका माणसापुरती जागा होती. तिथे मूठभर फुलं काढून ठेवली होती. बाईचा डावा हात पहिल्यांदाच कुशीबाहेर आला होता. गुळगुळीत, लांब बोटांचा हात. त्याच्या चिमटीत तीन फुलं अशी घट्ट उभी होती की मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ताई,” ती टीव्हीला म्हणाली, “कसं धरायचं ते मला येतं हो. हात ऐकत नाही.”

कोपरं थांबली. पाठ जराशी ताठ झाली, कुणी हाक मारल्यावर होते तशी. मनीषाने घाईघाईने टीव्हीची तारच ओढून काढली, आणि तिन्हीसांज होईपर्यंत अंगणात जाऊन बसली.

६

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं धुऊन हॉलमध्ये पाटावर मांडतात. विळे, खुरपी, कात्री, ज्ञानेशच्या टेम्पोचा पाना. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज.

तेजस्विनीने विळ्यांच्या शेजारी कंट्रोलरही ठेवला.

“हे काय?” भागुबाई म्हणाली.

“आईचं हत्यार. महिनाभर तलवारच चालवली ना तिने.”

“मग कुंकू नीट लाव. अर्धवट देवाला आवडत नाय.”

फूल बांधलं तेजस्विनीने, कुंकू लावलं भागुबाईने. मनीषा उभी राहून बघत होती आणि तिला वाटत होतं, माझी माणसं किती चांगली आहेत. निघताना तेजस्विनीने टीव्हीची तार पुन्हा लावली. “अपडेट आलंय आई, डाउनलोडला टाकलंय. आज तू खेळणार नाहीसच, होईल तोवर.” मग सगळे फुलं काढायला मळ्यात गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरात माणूस ठरत नाही.

मनीषा देवघराची भांडी पुसत होती. सव्वादोनच्या सुमाराला पाटावरचा सगळ्यात लहान विळा वाजला.

ती हॉलच्या दारात आली. कंट्रोलर थरथरत होता, म्हणून त्याला टेकलेला विळा पाटावर वाजत होता. दोनदा बारीक, एकदा लांब. टीव्ही चालू होता. शेत होतं, संध्याकाळ होती. कंट्रोलरला कुणाचा हात नव्हता, आणि आपली बाई बांधावरून चालली होती. भिंतीला न धडकता, सरळ, वाट पाठ असल्यासारखी.

पूजेतल्या हत्याराला शिवायचं नाही, नाहीतर मनीषाने कंट्रोलर उचलून बंद केला असता. तार काढायची तर पाट ओलांडावा लागणार होता. ती जागेवरच उभी राहिली. दार आलं. आज ते पूर्ण उघडं होतं. चटईवर बाई, शेजारी मोकळी जागा, मोकळ्या जागेवर फुलं. कॅमेरा खांबाशी आला, आणि अडकला नाही. खांबाला वळसा घालून तो हळूहळू बाईच्या समोर निघाला. आधी कानाची पाळी दिसली. मग गालाची कड.

मनीषाने डोळे मिटले.

भीतीने मिटले हे खरं. पण त्या भीतीतही तिला असं वाटलं की जिने इतके दिवस आपल्याकडे पाठ केली, तिला आपलं तोंड दाखवायचं नसेल. कुणीतरी दुरुस्ती केली म्हणून आपण बघावं, हे बरं नाही. मिटल्या डोळ्यांनीच ती खाली बसली, फरशीवर, पाटापासून हातभर. डावा हात उजव्या हाताने उचलून तिने समोर धरला.

“तुमचे उपकार आहेत,” ती म्हणाली. “द्यायला माझ्याकडे काही नाही.”

पंखा फिरत होता. विळा वाजायचा थांबला होता. शेवंतीचा वास इतका जवळ आला की तिला तो जिभेवर लागला. मग तिच्या अंगठ्याभोवती काहीतरी ओलं, चपटं फिरलं. भिजवलेलं सोपट असतं तसं. एक वेढा. दुसरा वेढा. आणि ओढ, अशी की खांद्यापर्यंत कळ गेली.

तिने डोळे उघडले ते फक्त कळ आली म्हणून.

पडदा काळा होत चालला होता. त्यात अजून चटईचा तुकडा दिसत होता, तोंड नव्हे, देवाची कृपा. बाईने सोपटाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं होतं आणि ती एकट्या उजव्या हाताने गाठ मारायचं बघत होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. अंगठ्याच्या बेचक्यात चंद्रकोरीसारखा एक व्रण होता.

मग पडद्यावर अक्षरं आली, अपडेट पूर्ण झालं म्हणून.

७

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेपाचला मनीषाने शेवंतीची वेणी केली. डाव्या चिमटीत तिने तीन तीन फुलं धरली, एकही गळलं नाही. ज्ञानेश क्रेट खाली ठेवून बघत राहिला आणि डोळे पुसायला बाहेर गेला. तेजस्विनी आईच्या गळ्यात पडली. भागुबाईने वेणी हातात घेऊन गाठी बोटाने चाचपल्या आणि विचारलं, “दोन वेढे कुणी शिकवले गं तुला?” मनीषा म्हणाली, “एका ताईंनी.” देवीची वेणी झाल्यावर तिने तशीच दुसरी केली, टीव्हीपुढे ठेवली आणि हात जोडले. हात जोडले तेव्हा डाव्या हाताच्या बेचक्यात विळ्याचा व्रण नव्हता.